भोंगा गप्प झाला

बाईंच्या दवाखान्याच्या बरोबर खाली दातांचा दवाखाना होता आणि त्या शेजाराचा बाईंना फार ताप होता. जिना चढून येणाऱ्या प्रत्येक पोराच्या कानावर आधी दात कोरायच्या यंत्राची घरघर पडायची, आणि मग "इथे कुणी तोंडात काही घालत नाही" हे पटवण्यात बाईंचा निम्मा वेळ जायचा.

बाई म्हणजे मुलांच्या मनाच्या डॉक्टर. खरं तर त्या डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्रज्ञ. पण तो शब्द उच्चारताना पालकांची जीभ अडखळायची आणि त्यातच दोन मिनिटं वाया जायची, म्हणून बाईंनी दुरुस्ती करणं कधीच सोडून दिलं होतं. सकाळी दवाखाना आणि दुपारी मुलांसाठी गोष्टी लिहिणं हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. त्यापायी टोमणेही दोन्हीकडून खावे लागत. दवाखान्यातली मंडळी म्हणत, "त्या काय, गोष्टी सांगतात." लिहिणारी मंडळी म्हणत, "त्यांच्या गोष्टीत औषध कालवलेलं असतं." पहिला टोमणा बाईंना आवडायचा. दुसरा झोंबायचा, कारण तो थोडासा खरा होता.

त्या दिवशी सकाळी एक जोडपं आलं. बरोबर सात वर्षांची मुलगी आणि आईच्या खांद्यावर दोन महिन्यांचं बाळ. बाळ रडत होतं. सगळ्या दवाखान्याला समजेल असं रडत होतं.

"हिला आम्ही घरी भोंगा म्हणतो," मुलीचे बाबा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "म्हणायचो."

तीन आठवडे झाले, भोंगा बोलत नव्हता. घरी नाही, शाळेत नाही, मैत्रिणीशी नाही. कान तपासून झाले, घसा तपासून झाला, सगळं ठणठणीत. बाबांच्या बोलण्याला मात्र खळ नव्हता. मुलगी ज्या शब्दांना मुकली होती तेही जणू त्यांच्याच वाट्याला आले होते. आई कमी बोलली. बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं, मग काही दिवस दवाखान्यातच राहिलं, आता घरी आहे आणि रात्रंदिवस रडतं, एवढंच तिनं सांगितलं. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

बाईंचं लक्ष कोपऱ्यात होतं. भोंगा लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. तो कोसळला आणि वरचा ठोकळा बाबांच्या अंगठ्यावर आला. बाबा एका पायावर नाचले. भोंगा हसली. खांदे गदागदा हलले, डोळ्यांत पाणी आलं, पण दोन्ही हातांनी तिनं तोंड असं घट्ट दाबून धरलं की हूं नाही की चूं नाही. बाई चक्रावल्या. घाबरलेलं मूल असं हसत नाही. रुसलेलं तर हसतच नाही. ही मुलगी चक्क मजेत होती.

"तुमच्याकडेच यायचं हे तिनंच ठरवलं," आई म्हणाली आणि मुलीच्या पिशवीतून एक पुस्तक काढून तिनं टेबलावर ठेवलं. "म्हणजे, बोटानं दाखवलं. मागच्या पानावरचा तुमचा फोटो. तुमचं पुस्तक तिला तोंडपाठ आहे."

पुस्तक होतं 'बेडकीची बरणी'. ते पाहिलं आणि बाईंना मुलीचं ते दाबून धरलेलं तोंड आठवलं.

गोष्ट साधीच होती. एका बेडकीचा आवाज फार मोठा. आजोबा आजारी पडतात, त्यांना झोप हवी असते. बेडकी आपला आवाज एका बरणीत भरते, झाकण लावते आणि बरणी फळीवर ठेवून देते. आजोबा बरे होतात, म्हणतात, घर कसं खायला उठलंय, कुठाय तो आवाज? मग बेडकी झाकण उघडते आणि अख्ख्या पानभर एकच मोठा 'डराँव'. त्या पानावर मुलं किंचाळतात, पालक कानावर हात ठेवतात आणि दरवर्षी पुस्तक पुन्हा छापावं लागतं. त्या पुस्तकाचा बाईंना सगळ्यात जास्त अभिमान होता. तासाभरापूर्वीपर्यंत होता.

मंडळी गेल्यावर बाईंनी प्रकाशकांना फोन लावला.

"बेडकी छपाईला गेली का?"

"पुढच्या आठवड्यात जातेय. का हो?"

"थांबवा. पुस्तक वाचून एक मुलगी गप्प झालीय."

"बाई, हे बाहेर सांगू नका. पुस्तक वाचून मुलं गप्प बसतात असं कळलं तर पालक दुकानाबाहेर रांगा लावतील."

एरवी बाई हसल्या असत्या. "मी थट्टा करत नाहीये. थांबवा."

"कधीपर्यंत?"

"ती बोलेपर्यंत. नाही बोलली तर पुस्तक बंद."

त्यांनी फोन ठेवला. इतकी वर्षं मुलांना बोलतं केलं, आणि आपल्याच गोष्टीनं एका मुलीचं तोंड बंद केलं. दुसऱ्या कुणी त्यांना हे सांगितलं असतं तर 'एवढं मनाला लावून घेऊ नका' असं त्या म्हणाल्या असत्या. स्वतःला काही केल्या तसं म्हणवेना.

मात्र विचार करता करता त्यांना एक धागा सापडला. गोष्टीत बेडकी झाकण उघडतेच की! मग ही का उघडत नाही? म्हणजे उघडता येत नसेल. म्हणजे बरणी जागेवर नसेल. बाईंना एकदम हुरूप आला.

दुसऱ्या भेटीत त्यांनी आईबाबांना बाहेर बसवलं आणि भोंग्यासमोर जमिनीवर बसकण मारली.

"तू आवाज बरणीत भरलास?"

भोंग्यानं त्यांच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी कामाचा प्रश्न विचारला, असा तिचा चेहरा झाला. तिनं जोरात मान डोलावली.

"मग बरणी कुठाय?"

भोंग्यानं दोन्ही हात पसरले. नाही.

झालं! बाईंना वाटलं, गड सर झाला. दार उघडून त्यांनी आईला विचारलं, तुमच्याकडची कुठली बरणी हरवलीय? आई गोंधळली. मग आठवून म्हणाली, काचेची, पिवळ्या झाकणाची एक होती. बाळंतपणात मदत केली म्हणून वरच्या काकूंना जॅम दिला, तो त्याच बरणीतून. देण्याआधी घासून, विसळून, उन्हात वाळवलीसुद्धा. बाईंनी तिला बरणीचं प्रकरण समजावून सांगितलं, तसा तिचा हात तोंडावर गेला.

"मी तिचा आवाज धुऊन टाकला?"

"तिच्या हिशेबानं, हो," बाई म्हणाल्या.

बाबांना मात्र धीर निघाला नाही. बाईंनी बजावलं होतं, आपण बरणी शोधू, घाई नको. पण संध्याकाळीच ते बाजारात गेले, तश्शीच पिवळ्या झाकणाची बरणी आणली आणि "हे बघ काय सापडलं!" करत मुलीपुढे धरली. भोंग्यानं बरणी घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, बाबांच्या हातावर थोपटलं आणि बरणीत आपले रंगीत खडू भरून ठेवले. बाबांनी दुसऱ्या दिवशी फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी पडला होता.

"रडली का?" बाईंनी विचारलं.

"छे हो. खूश झाली. म्हणाली... म्हणजे, म्हणाली कसली, खडूंना जागा झाली म्हणून खूश झाली."

हे ऐकून खरं तर बाईंनी तिथेच थांबायला हवं होतं. आपला आवाज हरवलेलं मूल खडूंची सोय झाली म्हणून खूश होत नाही. पण बाईंच्या डोक्यात त्यांचीच गोष्ट इतकी पक्की बसली होती की शेवटचं पान आल्याशिवाय त्यांना काही दिसत नव्हतं. इतरांच्या बाबतीत हाच दोष त्यांना कोसावरून दिसला असता.

शनिवारी सकाळी त्या स्वतःच त्या घरी गेल्या. बाबांना बाळापाशी बसवलं आणि बाई, आई आणि भोंगा अशी वरात वरच्या मजल्यावर निघाली.

काकू शिवणकाम करायच्या. दार उघडलं ते गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या घेऊनच. घरभर कापडाचे तागे, आणि मशीनशेजारच्या फळीवर ती बरणी, पिवळ्या झाकणाची. आत काठोकाठ बटणं.

"हीच का?" बाईंनी विचारलं. भोंग्यानं मान डोलावली. आईनं बरणी उचलली आणि भोंग्याच्या हातात दिली. बाईंनी श्वास रोखला. आता उघडेल, आता तो 'डराँव' येईल.

भोंग्यानं झाकण उघडलं. बटणं पलंगावर ओतली. त्यांत एक माशाच्या आकाराचं निळं बटण निघालं. ते उचलून तिनं काकूंकडे पाहिलं, घेऊ का, असं भुवयांनी विचारलं.

"घे गं, घे," काकू टाचण्या काढून म्हणाल्या. "पण हे चाललंय काय? बरणी परत हवी होती का?"

बाई पलंगाच्या कडेवर मटकन बसल्या. मुलगी काही शोधतच नव्हती. तिला बरणी नकोच होती. मोठी माणसं बरणी बरणी करतायत, तर करू देत, म्हणून बिचारी त्यांच्या मागं जिना चढून आली होती.

एवढ्यात खालच्या मजल्यावर बाळानं टाहो फोडला. फरशीतून वर ऐकू आला.

"बाई बाई, काय घसा आहे!" काकू म्हणाल्या.

आणि भोंगा हसली. शाळेच्या कार्यक्रमात आपल्या पोराची पाळी आली की आई जशी इकडेतिकडे बघत हसते, तशी. बाईंनी ते पाहिलं. आपली गोष्ट, आपलं शेवटचं पान, छपाई, सगळं त्यांच्या डोक्यातून उतरलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी नुसतं त्या मुलीकडे पाहिलं.

"आवाज भरल्यावर त्या बरणीचं काय केलंस? मला करून दाखव."

भोंग्यानं रिकामी बरणी तोंडाशी धरली, आत काहीतरी ओतल्यासारखं केलं, चटकन झाकण लावलं. मग बरणी छातीशी धरून चवड्यांवर चालत पलंगाच्या दुसऱ्या टोकाला गेली, वाकली, आणि एका अदृश्य बाळाच्या तोंडाशी झाकण हळूच उघडलं. मग तिनं आपल्या गळ्यावर बोट ठेवलं आणि तेच बोट खाली, फरशीकडे केलं.

आईलाच सगळ्यात आधी उमगलं.

"जन्मलं तेव्हा ते रडलंच नाही," ती म्हणाली. "घरी आणलं तरी नुसतं मांजराच्या पिल्लासारखं कुईं करायचं. मी दिसेल त्याला हेच सांगत होते. फोनवर, दारात, सगळीकडे. बाळाला आवाजच नाही हो. बाळाला आवाजच नाही."

आणि मग तीन आठवड्यांपूर्वी बाळाला अंगात जोर आला आणि ते रडायला लागलं. भोंग्याच्या दृष्टीनं यात नवल काहीच नव्हतं. तिनं दिला होता, त्याला मिळाला होता, व्यवहार पूर्ण. आता आपण तोंड उघडलं तर तो आवाज बाळाकडून परत आपल्याकडे येईल, म्हणून ती हसतानासुद्धा तोंड दाबून धरत होती. हरवलं तिचं काहीच नव्हतं. तिनं देऊन टाकलं होतं.

बाईंना एकाच वेळी हसू आलं आणि रडूही. मग धास्ती वाटली. हरवलेली बरणी शोधून आणता येते. जी मुलगी समजून-उमजून, राजीखुशीनं गप्प बसलीय, तिला बोल असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्या भोंग्यासमोर गुडघे टेकून बसल्या. "तू फार मोठं काम केलंस. आणि आम्हाला कुणालाच कळलं नाही. पण मला एक शंका आहे. बाळाला स्वतःचा आवाज असेल, आणि तो नुसताच उशिरा आला असेल, तर?"

भोंग्यानं ओठ आवळून मान हलवली. शक्यच नाही.

"मीही खात्रीनं सांगत नाही. बघूया? बाळ रडत असताना तू अगदी बारीक 'आ' म्हणायचं. बाळाचा आवाज गेला, तर तू लगेच तोंड मिटायचं. गळ्याशपथ."

भोंग्यानं बराच वेळ विचार केला. मग हात पुढे केला. बाईंनी तो हातात घेतला आणि सगळे जिना उतरून खाली आले. काकूही आल्या, टेप गळ्यातच.

पण खाली आल्यावर पाहतात तो बाळ गाढ झोपलेलं. आठवडेच्या आठवडे ज्यानं घराची झोप उडवली, त्यानं नेमका हाच मुहूर्त काढला होता. पाच माणसं पाळण्याभोवती बसून बाळ रडायची वाट बघत होती. बाबांना काय चाललंय ते कुजबुजत सांगून झालं. त्यांनी टाळ्या वाजवून पाहिल्या, मांडीवर घेऊन पाहिलं. बाळानं झोपेतच जांभई दिली.

"एरवी नुसती शिंक आली तरी उठतं," बाबा रडवेल्या सुरात म्हणाले.

अखेर भूक कामी आली. बाळाचं तोंड वाकडं झालं, नाक लाल झालं आणि भोकाड सुरू झालं. सगळ्यांनी भोंग्याकडे पाहिलं. ती पाळण्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. तिचे गाल पांढरे पडले होते.

"आ," ती म्हणाली. इतक्या दिवसांचा गंज चढलेला, खरखरीत, इवलासा 'आ'.

बाळ तत्काळ गप्प झालं.

भोंग्यानं दोन्ही हात तोंडावर मारले. क्षणभर शांतता, आणि बाळ पुन्हा रडू लागलं. तिनं थरथरत आणखी एकदा 'आ' केलं. बाळ गप्प. ही थांबली, बाळ सुरू. तिनं बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मी सांगितलं होतं ना, एवढंच होतं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी स्वतःच्या हातानं मुलीला पुरावा आणून दिला होता की आवाज एकच आहे आणि तो दोघांत मिळून आहे. आता ही जन्मात तोंड उघडणार नाही. बाईंना पुढचं वाक्य सुचेना. ना दवाखान्यातलं, ना पुस्तकातलं.

आई पाळण्याच्या पलीकडे जमिनीवर बसली.

"अगं, त्याचा आवाज गेला नाही," ती म्हणाली. "ते ऐकतंय. माझ्या पोटात होतं तेव्हा दिवसभर तुझाच भोंगा ऐकत होतं. मग हे इतके दिवस तू कुठेच नव्हतीस. तू मध्येच थांबू नकोस. बोलत राहा, थोडं ऐकू दे त्याला. मग ते काय करतं बघ."

भोंगा कठड्यावरून इतकी वाकली की तिची वेणी बाळाच्या पोटावर पडली.

"तू ऐकतोयस का," तिनं कुजबुजत विचारलं, "की तुझा संपला?"

बाळ टक लावून बघत राहिलं. हुंदका राहिला तिथेच. त्याचे ओठ गोल झाले, मिटले, पुन्हा गोल झाले.

"मी थांबणार नाहीये हं," भोंगा घाईघाईनं म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मी बोलतेय, बघ, मी बोलतेय, मी अजून बोलतेय..."

"अऽगू," बाळ म्हणालं.

"...मी बोलतेय, मी..."

"अऽऽगू! ऊऽऽ!" बाळ तिच्या बोलण्यावर बोललं, पाय झाडत, दोन मुठी हवेत नाचवत, तिच्यापेक्षा मोठ्यानं.

भोंगा सरळ उभी राहिली. एकदा आईकडे बघितलं, एकदा बाबांकडे. मग अशी ओरडली की काकूंनी दचकून टेप ओढला.

"आई! पुरतोय! दोघांना पुरतोय!"

आईनं तिला मिठीत ओढलं. बाबा, ज्यांची तीन आठवडे तोंडाची टकळी थांबली नव्हती, ते एक शब्द न बोलता भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाई बाहेर आल्या, जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि पदरानं चष्मा पुसायला लागल्या, पण चष्मा काही केल्या कोरडा होईना. छातीवरचं ओझं असं उतरलं होतं की पाय उचलायलाच नको वाटत होतं. आतमध्ये भोंगा बाळाला शाळेतल्या तीन आठवड्यांच्या सगळ्या बातम्या एका दमात सांगत होती आणि बाळ मध्येमध्ये आपलं म्हणणं मांडत होतं.